डाग पडू देण्याचं शास्त्र

एलिमेंट्री किंवा इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, रंगकामाबद्दल शाळेत काय शिकवलं? उत्तर बहुधा एकच मिळेल : रंग रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही. वस्तुचित्रातल्या तांब्याची कड स्वच्छ हवी, संकल्पचित्रातला पोस्टर कलर सपाट बसायला हवा, ओल्या रंगाला शेजारचा रंग लागला की मार्क गेले. पाण्याचा थेंब सांडला की टिपकागद शोधायची धावपळ. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची रंगांशी पहिली ओळख अशी, पाण्याला धाकात ठेवत झाली. त्यामुळे मोठेपणी एखाद्या प्रदर्शनात नुसते पसरलेले, एकमेकांत घुसलेले, कडेला गोठलेले रंग फ्रेम करून लावलेले दिसले की मनात पहिलं येतं ते हेच, की याला आमच्या सरांनी नापास केलं असतं.

अमूर्त जलरंगाचं बरंचसं काम या नापास गोष्टींवरच चालतं. पण तिथे काहीही चालतं, हा समज मात्र खोटा आहे. चित्रात तांब्या असला की कागदाचे, रंगाचे, पाण्याचे गुणदोष तांब्याआड लपतात. बघणारा तांब्या ओळखतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. तांब्या काढून घेतला की उरतात कागद, रंगद्रव्य, पाणी आणि वाळायला लागणारा वेळ. या चौघांचं एकमेकांशी काय होतं, हाच मग चित्राचा विषय. म्हणून असं चित्र करणाऱ्याला या चौघांची नाडी तांब्या रंगवणाऱ्यापेक्षा जास्तच कळावी लागते. बघणाऱ्यालाही ती थोडी कळली तर ‘यात काय काढलंय’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला ही नाडी बघायला फार लांब जावं लागत नाही. कागद आणि रंगाची माती, दोन्हींचा मोठा इतिहास याच जिल्ह्यात पडलेला आहे.

आधी कागद. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, दौलताबादहून खुलताबादकडे जाताना, कागजीपुरा लागतं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं, आणि दरबाराबरोबर कागद बनवणारे कारागीरही इकडे आले, अशी गावाची परंपरा सांगते. राजधानी परत गेली, कागद बनवणारे राहिले. गावाचं नाव त्यांच्या धंद्यावरून पडलं आणि ‘कागजी’ हे आडनावही.

जुन्या पद्धतीचा हातकागद कसा व्हायचा ते जलरंगवाल्याने नीट समजून घेण्यासारखं आहे. सुती चिंध्या भिजवायच्या, कुजवायच्या, कुटून कुटून त्यांचा लगदा करायचा. लगदा हौदातल्या पाण्यात ढवळायचा. गवताच्या काड्यांची बारीक चटई लावलेला साचा त्यात बुडवून आडवा उचलायचा आणि उचलताना मागेपुढे, डावी-उजवीकडे हलवायचा, म्हणजे धागे सगळ्या दिशांना बसतात. गिरणीच्या कागदात ते बहुतांशी एकाच दिशेला झोपतात. म्हणून तो ओला झाला की एका अंगाने जास्त फुगतो. पाणी निथळलेला ताव एकावर एक रचायचा, चळत दाबायची, मग ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा. वाळला की त्याला खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा.

यातली खळ ही सगळ्यात महत्त्वाची. खळ नसलेला कागद म्हणजे टिपकागद : रंग टेकवला की धाग्याधाग्यातून पळत सुटतो, त्याला ना आकार राहतो ना कड. कागजीपुऱ्याचा कागद लिहिण्यासाठी होता. पोथी असो, फर्मान असो, बोरूची शाई फुटता कामा नये, यासाठी पिठाची खळ आणि वर घोटाई. अशा कागदावर लघुचित्राचं बारीक, कोरडं काम उत्तम होतं. पाण्याने थबथबलेला मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मात्र त्याला सोसत नाही. खळ मऊ पडते, पृष्ठभाग उचकटतो. जलरंगाच्या युरोपीय कागदाला पिठाऐवजी जिलेटिन लावायची चाल पडली. जिलेटिनमुळे पाणी काही वेळ कागदाच्या वरच राहतं आणि मग हळूहळू आत उतरतं. हा ‘काही वेळ’ म्हणजेच चित्रकाराला मिळालेली सवड. जलरंगात जे करायचं ते तेवढ्यात.

कागदाची जाडीही त्यासाठीच. चांगल्या जलरंग-कागदाचं वजन दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम असतं. त्याहून हलका कागद भिजला की त्यात लाटा उठतात, रंग त्या खळग्यांत तळी करून बसतो आणि चित्राचा कारभार खळग्यांच्या हाती जातो. म्हणून हलका कागद आधी भिजवून, बोर्डावर कडेने गमटेप लावून ताणून घेतात. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या अनेक चित्रकारांनी देशी हातकागदावर काम केलेलं आहे. खरखरीत, जरा जास्त पिणारा, कडा फाटल्यासारख्या असलेला हा कागद वास्तववादी निसर्गचित्र काढणाऱ्याला छळतो. अमूर्त काम करणाऱ्याला तो आयतं काहीतरी देतो, पण आयतं मिळालेलं किती घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता रंग. अजिंठा शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. तिथल्या भिंतींना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात. ते बरोबर नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि चुना वाळताना रंगाला धरून ठेवतो. अजिंठ्यात काळ्या दगडावर मातीचा गिलावा आहे. त्यात तूस, गवत, झाडाचे धागे कालवलेले. त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग. (वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे धागे सापडले, असं इथल्या विद्यापीठातल्या आणि पुरातत्त्व खात्यातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. ऐकणारे हसतात, पण धागे गिलावा धरून ठेवायला होते.) म्हणजे रंग वाहून नेणारं पाणी, आणि पाणी उडून गेल्यावर रंग धरून ठेवणारा चिकटा. जलरंगाच्या ट्यूबमध्येही हेच आहे, फक्त सरसाऐवजी आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक.

रंगद्रव्यंसुद्धा ओळखीची आहेत. गेरू, पिवळी माती, काजळ. हिरवा तर इथल्या दगडाच्या पोटातला. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारस थिजून झाला, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साठली. लेणी बघायला जाणाऱ्यांना वाटेवर विकत मिळणारे चमकदार स्फटिक त्यातलेच. त्याच पोकळ्यांत एक मऊ, निळसर हिरवी मातीही सापडते. अजिंठ्याचा हिरवा ती आहे, आणि रंगाच्या दुकानात ‘टेर व्हर्ट’ नावाने मिळणारा मवाळ हिरवा त्याच घराण्यातला. परका एकच, निळा : तो लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. पेटीतला यलो ओकर, लॅम्प ब्लॅक, टेर व्हर्ट यांच्याकडे त्यामुळे जरा आदराने बघावं. मुंबईत १९३१ साली शाईपासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनच्या रंगपेटीतून आपल्यातल्या बहुतेकांनी ही नावं पहिल्यांदा वाचली, पण मंडळी दीड-दोन हजार वर्षांची जुनी आहेत.

एक फरक मात्र मोठा. अजिंठ्याचे रंग दाट, झाकणारे. जलरंग पारदर्शक. उजेड रंगाच्या पातळ थरातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून गाळून डोळ्यांत येतो. म्हणून जलरंगाचा पिवळा आतून पेटल्यासारखा दिसतो. म्हणूनच त्यात पांढरा रंग लावत नाहीत, पांढरा राखतात. जिथे एकदा रंग गेला तिथला उजेड गेला. पुसून, टिपून थोडा परत आणता येतो, पूर्ण नाही. तैलरंगात चूक झाकता येते, जलरंगात ती चित्राचा भाग होते. तांब्याच्या चित्रात ही अडचण असते. तांब्या नसलेल्या चित्रात तीच भांडवल ठरते.

अजिंठ्याला गेलात तर बोधिसत्त्व पद्मपाणीसमोर उभं राहून झाल्यावर थोडं बाजूला, पोपडे गेलेल्या भागाकडेही बघा. आकृती गळून गेलेली असते, कुणाचा हात, कुणाची कंबर ते कळत नाही. गेरूचा पट्टा, त्याला लागून हिरवा, मध्ये उघडी पडलेली माती. बहुतेक लोक तिथे ‘खराब झालंय’ म्हणून पुढे जातात. पण तिथे रंगांची एकमेकांतली प्रमाणं उघडी दिसतात. गेरू किती, हिरवा किती, काळा किती थोडा आणि तरी केवढा वजनदार.

वासुदेव गायतोंडे यांनी तरुणपणी जवळपास हाच अभ्यास जाणूनबुजून केला होता. त्यांच्यापुढे लघुचित्रं होती. त्यांचा अभ्यास करताना त्यांतल्या आकृत्या वगळायच्या आणि फक्त रंगांची प्रमाणं बघायची, असं आपण करू लागलो, असं त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. आकृती माणसाला बांधून घालते, हे त्यामागचं कारण. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, घराणं गोव्याचं. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका, मग प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध, १९५७ मध्ये टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पुरस्कार, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. नाव झालं ते मोठ्या तैलचित्रांमुळे, आणि त्या चित्रांच्या कोटींच्या किमतींच्या बातम्या होत राहतात. पण त्याआधीच्या, पन्नासच्या दशकातल्या कागदावरच्या जलरंगांत आणि शाईच्या कामांत आकृती विरत जाताना टप्प्याटप्प्याने दिसते. त्या काळात पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि क्लेचा गडच मुळी जलरंग. पुढे १९८४ मधल्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणं अवघड झालं तेव्हा गायतोंडे पुन्हा कागदाकडे आले आणि शाईने छोटी चित्रं केली. त्यांच्या तैलचित्रांसमोर उभं राहिलं तरी रंग पाण्यासारखा झिरपलेला, थरांतून वर आलेला वाटतो. माझ्या मते ते वळण कागदावरचं आहे.

झिरपणं म्हणजे नेमकं काय, ते एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. ३०० ग्रॅमचा कागद घ्या, रुंद ब्रशने स्वच्छ पाण्याने भिजवा आणि उजेडाकडे तिरपा धरून बघा. आधी कागद आरशासारखा चकाकतो. या वेळी रंग टाकला तर तो सैरावैरा पळतो आणि फिका होऊन बसतो. थोड्या वेळाने चकाकी मावळून नुसती ओलसर झळाळी राहते. आता रंग पसरतो पण मऊ कडेने थांबतो. झळाळीही गेली, कागद हाताच्या मागच्या बाजूला गार लागतो एवढंच, की धोका सुरू : या अवस्थेत जास्त पाण्याचा ब्रश टेकवला तर नवं पाणी जुन्या रंगाला बाहेर ढकलत नेतं आणि कडेला कातरलेली, फुलकोबीसारखी नक्षी उठते. इंटरमिजिएटचा परीक्षक इथेच लाल पेन काढतो. अमूर्त चित्रकार कधी हीच नक्षी मुद्दाम बोलावतो; पण कुठे, केवढी आणि किती वेळा, हे त्याचं असतं.

पूर्ण वाळू दिलेल्या डागाची कड बहुधा गडद होते. चहाचा थेंब ओट्यावर वाळला की मध्ये फिका आणि कडेला तपकिरी गोल राहतो, तीच ही गोष्ट. जलरंगवाले ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले, पण तिचं नीट स्पष्टीकरण शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दिलं. थेंबाची कड कागदाला चिकटून बसते, हलत नाही. पाणी उडतं ते कडेला सगळ्यात वेगाने. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. पाणी उडून जातं, कण तिथेच राहतात.

कणांचेही स्वभाव आहेत. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर रवाळ दिसतात. थॅलो निळ्याचे इतके बारीक, की धाग्यांत शिरतात आणि मग निघत नाहीत. कपड्यावर पडला तर कपडा गेला. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन कालवून पॅलेटवर सुंदर राखाडी होतो. तोच भरपूर पाण्यात कागदावर सोडला की दोघं पुन्हा वेगळे होऊ लागतात, आणि एकाच वॉशमध्ये निळसर आणि तपकिरी दोन्ही दिसतं. पावसाळ्यात वेरूळच्या ओल्या दगडाचा जो रंग असतो, तो असा न काढता निघतो. वाळल्यावर मात्र सगळंच एक घर फिकं पडतं. ओल्या पृष्ठभागावरून उजेड सरळ आत जातो, कोरड्या खरखरीत पृष्ठभागावर तो विखुरतो आणि रंगात पांढुरकेपणा येतो. म्हणून मुरलेला जलरंगवाला ओलं असताना जरा जास्तच वाटेल एवढा रंग लावतो.

हे सगळं हवेवरही ठरतं, आणि इथे संभाजीनगरची गोष्ट मुंबईहून वेगळी. पुस्तकांतल्या सूचना बहुधा दमट, थंड देशांतल्या. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला, हवा कोरडी, वर पंखा. आरशापासून धोक्यापर्यंतच्या अवस्था मग बघता बघता उरकतात आणि ओल्यावर ओलं काम करायचं म्हटलं तर रंग कालवेपर्यंत कागद सुकलेला. उपाय साधे आहेत : सकाळी लवकर बसायचं, पंखा बंद ठेवायचा, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा अॅक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवायचा म्हणजे खालून ओल टिकते. श्रावणात उलट, एक वॉश वाळायची वाट बघत चहा दोनदा होतो. नळाला काही दिवसांआड, कधी आठवड्याने पाणी येणाऱ्या शहरात रोज बादलीभर पाणी ब्रश धुण्यात घालवणाऱ्याकडे घरचे कसे बघतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.

वस्तूशिवाय नुसत्या रंगाने चित्र करणं युरोपात विसाव्या शतकात सुरू झालं, असं कलेच्या इतिहासात शिकवतात, आणि त्याचा पहिला पुरावा म्हणून चित्रकार कांदिन्स्कीचं एक जलरंगच दाखवतात. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ते आहे. त्यावर १९१० हे साल आहे. अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना ते पटत नाही. चित्राची जात १९१३ च्या मोठ्या ‘कॉम्पोझिशन ७’ च्या तयारीशी जुळते, तेव्हा साल मागाहून घातलं असावं, असं त्यांचं म्हणणं. पहिलेपणाचा मान कुणाला नको असतो! गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, १८७१ साली, लंडनमध्ये जॉर्जियाना हॉटन नावाच्या बाईंनी स्वखर्चाने १५५ जलरंगांचं प्रदर्शन भरवलं होतं. रंगांच्या गुंतलेल्या सर्पिल रेषांची ती चित्रं ओळखीची कुठलीच वस्तू दाखवत नव्हती. बाई परलोकविद्येवाल्या होत्या; ही चित्रं आत्मे आपल्या हातून काढून घेतात, असं त्यांचं सांगणं. प्रदर्शनाने त्यांचं जवळजवळ दिवाळं काढलं, आणि कलेच्या इतिहासाने पुढची शंभर वर्षं त्यांना दारातही उभं केलं नाही.

पण दख्खनच्या माणसाने थोडं आणखी मागे बघायला हरकत नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत अबरी कागदाची कला बहरली होती. चिकट केलेल्या पाण्याच्या पसरट तबकात रंगाचे थेंब तरंगत सोडायचे, ते पसरले की काडीने किंवा फणीने हलकेच ओढायचे, आणि वर कागद टेकवून ती सगळी लहर एका झटक्यात उचलून घ्यायची. पुन्हा तशीच लहर होत नाही. बहुतेक ठिकाणी असा कागद पोथीच्या अस्तराला किंवा चित्राच्या हाशियाला वापरत. विजापूरच्या चित्रकारांनी त्याचीच चित्रं केली : न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात मरतुकड्या घोड्यावर बसलेल्या फकिराचं असं एक चित्र आहे. त्याला अमूर्त म्हणता येणार नाही, घोडा घोडाच आहे. पण पाण्याने केलेली नक्षी हीच चित्राची मुख्य करणी आणि माणसाचं काम ती कुठे ठेवायची हे ठरवण्याचं, ही समज तिथे पक्की आहे.

आधुनिक युरोपीय जलरंग भारतात आले तेही लवकर. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या चित्रकारांचं प्रदर्शन झालं, त्यात क्ले आणि कांदिन्स्की यांची कामं होती. मुंबईत तेव्हा मात्र जलरंग म्हणजे निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र, आणि त्यात आपली मंडळी फार वरची होती. सावळाराम हळदणकरांचं हाताआडच्या दिव्याच्या उजेडात उभ्या मुलीचं चित्र, म्हैसूरला आहे ते, अनेकांना तैलरंग वाटतं. ते जलरंग आहे. चाळीसच्या दशकात नागपूरहून जे. जे. मध्ये आलेल्या चित्रकार रझांनी मुंबईचे रस्ते जलरंगात केले, ओल्यावर ओले सोडून, घरं-माणसं विरघळत जातील असे. तिथून अमूर्ताकडे जायला फारसं अंतर नव्हतं, पण रझा पुढे तैलरंग आणि अॅक्रिलिककडे वळले.

अकोल्यात १९२२ साली जन्मलेले अंबादास खोब्रागडे हे नाव त्या मानाने आपल्याकडे कमी घेतलं जातं, आणि हा अन्याय आहे. १९६२ मध्ये भावनगरला स्थापन झालेल्या ‘ग्रुप १८९०’ चे ते सदस्य. पुढे सत्तरच्या दशकात ते नॉर्वेत ऑस्लोला गेले आणि २०१२ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या चित्रांत रंगाचे पट्टे वळवळत, एकमेकांवरून वाहत जातात. आकार म्हणून काही धरायला गेलं तर हातातून सुटतं. जे. जे. मध्ये शंकर पळशीकरांच्या हाताखाली शिकलेले आणि स्वतः तिथे दोन दशकं शिकवलेले प्रभाकर कोलते हे आणखी एक. क्लेचं ऋण तेही मानतात. कोलत्यांनी आणि प्रभाकर बरव्यांनी एक मोठं काम केलं : दोघांनी चित्राबद्दल मराठीत लिहिलं. बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे चित्रकाराने मराठीत केलेल्या विचाराचं पुस्तक आहे, आणि अमूर्ताला घाबरणाऱ्याने कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी ते सांगेन.

संभाजीनगरात किलेअर्कला शासकीय कला महाविद्यालय आहे, मराठवाड्यातली मुलं तिथे येतात. गावाकडून आलेला मुलगा पहिलं वर्षभर आउटडोअरला मकबरा, पाणचक्की, दरवाजे जलरंगात काढत राहतो. ते काढताना कधीतरी त्याचा आकाशाचा वॉश मकबऱ्यापेक्षा चांगला उतरतो. काहींना त्यातला फरक तेव्हा कळतो, काहींना कळत नाही.

मग चांगलं अमूर्त जलरंग ओळखायचं कसं? हल्ली हॉटेलांच्या लॉबीत, दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये अशी चित्रं बरीच दिसतात. ओल्या रंगावर मीठ भुरभुरवलं की ते पाणी ओढून चांदण्यांसारखे ठिपके पाडतं. प्लॅस्टिकचा पातळ कागद चुरगळून ओल्या रंगावर ठेवला की स्फटिकासारख्या रेषा येतात. दिसायला गोड, आणि पाच मिनिटांत शिकता येतं. माझी तक्रार युक्तीबद्दल नाही. युक्ती झाल्यावर चित्रकार तिथून निघून गेलेला दिसतो, ही तक्रार आहे.

जवळ जाऊन बघताना मी आधी पांढरा शोधतो. कागद कुठे राखलाय, आणि राखलाय की उरलाय? मग कडा. सगळ्या मऊ असतील तर चित्र धुक्यात गेलेलं, सगळ्या कडक असतील तर कात्रणं चिकटवल्यासारखं. जिथे एकच आकार एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने धारदार आहे, तिथे हात थांबून विचार करत होता. मग थर. कोणता रंग आधी लागला, कोणता वाळल्यावर, कोणता वाळायच्या आत, हे पारदर्शक रंगात उलगडून वाचता येतं, आणि चित्र कसं घडलं त्याचा क्रम डोळ्यांपुढे येतो. तैलचित्रात ही सोय नाही. शेवटी मळ. तीन-चार रंग एकमेकांत घोळून त्यांचा चिखल झाला असेल, तर समजावं की थांबायची वेळ टळून गेली होती. चिखल मुद्दाम केलेलाही असू शकतो, मातकट रंगाचीही चित्रं होतात. पण मग त्याच्या शेजारी एखादा स्वच्छ रंग असा ठेवलेला असतो की मातकटपणा हवा होता हे कळतं.

इतकं करूनही एखादं चित्र काहीच सांगत नाही, असं होतं. तसं अनेक निसर्गचित्रांचंही होतं, फक्त तिथे झाड ओळखल्याचं समाधान मिळतं.

एखादं जलरंग विकत घेतलं, किंवा कुणी दिलं, तर ते टिकवायचं कसं हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. कागदावरच्या कामांसाठी संग्रहालयं उजेड साधारण ५० लक्सच्या आत ठेवतात, म्हणजे वाचायला बसलो तर कुरकुर करावी एवढा. अजिंठ्यातही मंद दिवे आणि फ्लॅशला बंदी आहे. तिथली खनिजं तशी चिवट, पण ट्यूबमधले काही लाल आणि जांभळे फार नाजूक : अॅलिझरिन क्रिमसन उन्हात काही वर्षांत उडतो, झगझगीत फ्लोरोसंट रंग त्याहूनही लवकर. तेव्हा खिडकीसमोरची भिंत नको. फ्रेमवाल्याला अॅसिड-फ्री माउंट लावायला सांगायचं, साध्या पुठ्ठ्याने कागद कडेने पिवळा पडतो. माउंट हवाच, कारण काच चित्राला चिकटली तर पावसाळ्यात आत ओल धरते, बुरशी येते आणि कसर लागते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवून घ्यायचे, म्हणजे भिंतीत आणि चित्रात हवा खेळती राहते. आणि ओल आलेल्या भिंतीवर ते लावायचंच नाही, मग सोफ्याच्या वर तीच एक जागा मोकळी असली तरी.